बूट वेळेवर सुटला पाहिजे

परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनी घरी आल्या. त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सला निघाली आहे. "मॅडम, तुमचा भाचा ते करतो ना? पोरीला काय काय लागेल?" मोजे, हातमोजे, गॉगल अशी यादी झाली. मग मी म्हटलं, "तिथं बाइंडिंग नीट बघून घे म्हणावं." वहिनींना बाइंडिंग फक्त पुस्तकांचं ठाऊक! त्यांचं काय चुकलं? आमच्या बेळगावात पाऊस हवा तेवढा, पण बर्फ बघायचा तो गोळ्याच्या गाडीवर.

स्कीच्या पट्टीवर बूट धरून ठेवणारा खटका म्हणजे बाइंडिंग. पण धरून ठेवणं हे त्याचं अर्धंच काम. पडताना पाय पिरगळला तर पुढचा भाग बुटाला बाजूला सोडतो, माणूस पुढे तोंडावर जाऊ लागला तर मागचा भाग टाच वर सोडतो. पूर्वी बूट पट्टीला पक्के जखडलेले असत आणि पाय मोडणं नित्याचं होतं. याल्मार व्हाम नावाच्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन खेळाडूचा 1937 साली असाच पाय मोडला. त्यातूनच त्याने सुटणारं बाइंडिंग तयार केलं.

खटका किती जोर आल्यावर सुटावा, ते स्प्रिंगवरच्या आकड्याने ठरतं. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून त्याला 'डीआयएन' म्हणतात. आकडा मोठा, तर सुटायला जोर जास्त. हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून तक्त्यात बघतात. वजन एका ओळीत आणि उंची दुसऱ्या ओळीत आली, तर कमी आकड्याची ओळ धरायची. पन्नाशी गाठली की आणखी एक ओळ कमी. (माझी तीन वर्षं उरली आहेत.) बुटाचा तळ लांब असेल तर आकडा उतरतो, कारण लांब दांड्याच्या पान्ह्याने नट कमी जोरात सुटतो, तसंच हे. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते.

पद्धतीचे प्रकार तीन. सावकाश, सौम्य उतारावर जाणारा पहिला, मधला दुसरा, तीव्र उतारावर वेगाने जाणारा तिसरा. इथंच माणूस खोटं बोलतो. माझा भाचा म्युनिकला असतो. वजन 72 किलो, उंची 175 सेंटिमीटर, खेळणं मध्यम. तक्त्याप्रमाणे त्याचा आकडा सहाच्या आसपास. पण एकदा मित्रांसमोर वळणावर त्याची स्की निसटली, सगळे हसले. घरी येऊन पठ्ठ्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आकडा नऊवर नेला. पुढच्याच महिन्यात टिरोलमध्ये पडला. पट्टी सुटली नाही, नडगी मोडली. आमच्या ताईने त्या हिवाळ्यात दोनदा रडत फोन केला. "मावशी, स्की सुटलेली परवडली असती," हे त्याने मला पाय प्लॅस्टरमध्ये असताना सांगितलं.

मी हसणार कोणत्या तोंडाने? मागे त्याच्याकडे गेले तेव्हा भाड्याच्या दुकानात फॉर्म भरताना मी 62 ऐवजी 56 किलो लिहिलं. बायकांची जुनी खोड. तिथल्या मुलाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि गुपचूप वजनकाटा पुढे सरकवला. आकडा फार कमी पडला तर भलत्या वेळी, ऐन वेगात पट्टी निसटते, तेही धोक्याचंच. माझी उंची 157, त्यामुळे खालची ओळ लागली आणि आकडा निघाला चारच्या जवळपास.

विकत घेताना आपला आकडा बाइंडिंगच्या पल्ल्याच्या मध्यावर यावा, टोकाला नको. सहा लागत असेल तर तीन ते दहाचं छान. मोठ्या आकड्याचं जड, महाग बाइंडिंग दिमाखासाठी घेऊ नये. ब्रेक पट्टीच्या रुंदीपेक्षा किंचित रुंद असावा. बुटाचा तळ आणि बाइंडिंग जुळतात का, हे दुकानदाराकडून तपासून घ्यावं. सगळे बूट सगळीकडे बसत नाहीत. फार जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या बाइंडिंगच्या नादी लागू नये. कंपनीने हमी काढून घेतलेल्या मॉडेलला चांगला कारागीर हात लावत नाही. आणि हो, बाइंडिंग नडगी वाचवतं, गुडघ्याच्या लिगामेंटची खात्री त्यात नाही.

वहिनींच्या मुलीला मी कागदावर चारच गोष्टी लिहून दिल्या: खरं वजन, खरी उंची, प्रकार पहिला, आणि बूट अडकवण्यापूर्वी तळाचा बर्फ खरवडून काढणं. वजनाच्या जागी तिने पेनाने काहीतरी खोडलं, मग पुन्हा लिहिलं. आधी काय लिहिलं होतं, ते मी विचारलं नाही.