गारगोटी वाचायला शिका!

वणी म्हटलं की लोकांना सप्तशृंगीचा गड आठवतो. मला त्याबरोबर गारगोट्याही आठवतात. आमच्याकडचे डोंगर बेसॉल्टचे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून गारगोटी, अकीक, झिओलाइट साचले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे नमुने पाहून डोळे दिपतात.

"यात सोनं असतं का रे?" हा प्रश्न हमखास येतो. नाही! पण खरा प्रश्न वेगळाच आहे : ही गारगोटी साचली कशी?

सोन्या-चांदीचे एपिथर्मल साठे जमिनीखाली साधारण दीड किलोमीटरच्या आत, जेमतेम ३०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यातून बनतात. पाणी भेगेतून वर चढलं की दाब कमी होतो आणि ते उकळतं. हायड्रोजन सल्फाइड निसटतो. सोनं विरघळलेलं असतं ते या गंधकाच्याच आधाराने; आधार गेला की सोनं साचतं! कार्बन डायऑक्साइडही जातो, म्हणून कॅल्साइटची पातळ पाती तयार होतात. पुढे त्यांची जागा गारगोटी घेते, आकार मात्र पात्यांचाच राहतो. अशी पातीदार गारगोटी दिसली की समजावं, इथं पाणी उकळलं होतं. बारीक पट्टे दिसले तर गारगोटी थराथराने साचली. १९८१ साली सापडलेल्या जपानच्या हिशिकारी खाणीत अशाच पट्टेदार शिरांत सोनं आहे.

आता म्हणाल, पट्टे तर आपल्या अकीकातही असतात! बरोबर. दिसतं तसं नसतं. पाण्यात मुळात सोनं हवं. पोत सोन्याची हमी देत नाही, दगडाची हकिगत सांगतो.

आणि आपण प्रॅक्टिकलला काय करतो? "पांढरा रंग, काचेसारखी चकाकी, काठिण्य ७, सबब क्वार्ट्झ" लिहिलं की सुटलो! पोत बघतो कोण?

सिव्हिलवाल्यांनो, हे तुमच्या पोटापाण्याचं आहे. क्वार्ट्झ आणि कॅल्सिडोनी, दोन्ही सिलिकाच. पण अतिसूक्ष्म स्फटिकांची कॅल्सिडोनी खडीत आली, तर सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची रिॲक्शन होऊन काही वर्षांनी काँक्रीटला तडे जाऊ शकतात. फरक नावात नाही, पोतात आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत : जर्नलमध्ये "हा दगड कसा साचला?" असा एक रकाना हवा आणि वर्षातून एकदा तरी भिंग घेऊन खाणीवर जायला हवं. व्हायव्हात पाठांतर चालून जाईल, पुलाच्या खांबात चालणार नाही!