कात्री कुठे चालवायची ते पाडा ठरवेल



2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाचा गाव विकास आराखडा करायला सुरुवात होईल. शासन त्याला ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणतं. त्या सभेत पहिलं वाक्य कोणतं ऐकायला मिळणार ते आत्ताच सांगून ठेवते. ‘यंदा वरून निधी कमी आलाय.’ विहीर मागा, निधी नाही. अंगणवाडीला पत्रे मागा, निधी नाही. मग आपण गप बसतो, हजेरीवर सही नाहीतर अंगठा देतो आणि घरी येतो.

निधी कमी आला हे खरं असेल. पण कमी पैशात कोणतं काम धरायचं आणि कोणतं सोडायचं, हे ठरवायचा अधिकार ग्रामसेवकाचा नाही, ठेकेदाराचा तर नाहीच नाही. तो ग्रामसभेचा आहे. 1996 च्या पेसा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आराखडा ग्रामसभेने मंजूर केल्याशिवाय पंचायतीने काम सुरू करायचं नाही, आणि पैसे खर्च झाल्यावर दाखलाही ग्रामसभेकडूनच घ्यायचा. त्याच कायद्यात गाव म्हणजे काय, तर आपला पाडासुद्धा गाव होऊ शकतो.

आता पैसे कुठून येतात नि कुठे आटतात ते नीट बघू.

पहिला पैसा वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगात, म्हणजे 2015 ते 2020, सगळा पैसा ग्रामपंचायतीला यायचा. पंधराव्या आयोगात 100 रुपयांतले 10 जिल्हा परिषदेला, 10 पंचायत समितीला आणि 80 आपल्याला. त्या 80 लाही बेड्या होत्या. 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. समजा पंचायतीला 10 लाख आले, तर 6 लाख बांधलेले आणि 4 लाख मोकळे. त्यात 2021 मध्ये शासनाने सांगितलं की रस्त्यावरच्या दिव्यांची आणि पाणी योजनांची वीजबिलं याच पैशातून भरा. आमच्या पाड्यात तीन खांब, दिवा एकावर, पण बिल आधी वळतं. आणि या आयोगाची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतच होती. पुढच्या आयोगाचे पैसे कधी येतील, कोणत्या अटींवर येतील, ते आपल्या हातात नाही.

दुसरा पैसा पेसाचा 5 टक्के अबंध निधी. 2015 मध्ये राज्यपालांच्या अधिकारातून तो सुरू झाला. आदिवासी उपयोजनेतले 5 टक्के पेसा ग्रामपंचायतींना थेट द्यायचे आणि ते गावाच्या लोकसंख्येप्रमाणे वाटायचे. हा पैसा जिथून येतो तो झराच आता वरून अडवला जातोय. राज्यात आदिवासी 9.35 टक्के, तेवढा वाटा बजेटमध्ये वेगळा ठेवायचा ही पद्धत 1993-94 पासून आहे. पण 2025 च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले. आमच्या आया-बहिणींना 1500 मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पण एक विचारायचंय. बाकीच्या बहिणींना राज्याच्या तिजोरीतून ओवाळणी, आणि आदिवासी बहिणीला तिच्याच भावाच्या ताटातलं काढून? वरती ओहोळ वळवला तर खाली नागलीला पाणी कुठून येणार?

तिसरा पैसा पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. कुडाच्या घराला घरपट्टी ती किती असणार! तरी त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकांसाठी आणि 5 टक्के अपंगांसाठी खर्च करायचेच असतात. रक्कम छोटी आहे म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून ती कागदावरच खर्च होते.

पैसा कमी झाला की कात्री कुठे चालते ते आपण दर वर्षी बघतो. स्वागत कमान राहते. पेव्हर ब्लॉक राहतात, मुख्य गावातल्या चौकात, जिथे मोटरसायकली लागतात. ज्या कामात सिमेंट आहे ते टिकतं, कारण सिमेंटमध्ये टक्केवारी आहे. सुटतं काय? लांबच्या पाड्याची विहीर. कुपोषित पोरांचा आहार. आणि सगळ्यात आधी सुटतं ते वनहक्काचं काम.

साथींनो, इथे जरा थांबून विचार करा. 5 टक्के निधी ज्या कामांना वापरायचा त्यात रस्ते-इमारती आहेत, आरोग्य-शिक्षण आहे, जंगल आणि पाणी राखणं आहे, आणि वनहक्क कायदा नि पेसा राबवणं हेही आहे. म्हणजे प्लॉटची मोजणी, जीपीएसचे नकाशे, अपिलाचे कागद, सामूहिक वनहक्काचा दावा, समितीच्या लोकांचा तालुक्याला जायचा खर्च, याला या पैशातून तरतूद करता येते. पण किती पंचायतींच्या आराखड्यात ही ओळ आहे? आपण जमिनीसाठी मोर्चे काढतो, प्रांत ऑफिससमोर रात्र काढतो, आणि आपल्याच पंचायतीत जमिनीच्या नावाने शंभर रुपयेसुद्धा ठेवून घेत नाही. दावा नामंजूर झाला की म्हणतात पुरावा नीट नव्हता. पुरावा गोळा करायला पैसा लागतो, तो पैसा कमानीत गेला.

काही साथी म्हणतात, पैसा वरूनच येत नाही तर पंचायतीशी भांडून काय होणार, शासनाशीच भांडू. शासनाशी भांडायचंच आहे, 9.35 टक्क्यांचा एक रुपयाही दुसरीकडे जाऊ द्यायचा नाही. पण आलेल्या पैशाचा हिशेब जे गाव मागत नाही, त्या गावाला न आलेल्या पैशाबद्दल बोलताना कोण ऐकेल? दोन्ही भांडणं एकच आहेत.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. 2009 मध्ये त्या गावाला 1800 हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 2011 पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. त्यांच्याकडे वरून निधी येवो न येवो, सभेच्या खात्यात स्वतःचा पैसा आहे. आपल्याकडे तेवढा बांबू राहिला नाही हे कबूल. पण मोह आहे, हिरडा आहे, तळ्यातली मासळी आहे. ज्याच्या ताब्यात जमीन आणि जंगल, त्याला कपातीची भीती कमी. म्हणून तंगीच्या वर्षात वनहक्काची तरतूद पहिली धरायची, शेवटची नाही.

आता करायचं काय ते सांगते. 2 ऑक्टोबरनंतर थोड्याच दिवसांत दिवाळी येते. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. मग डिसेंबर-जानेवारीत बजेटला हात वर करायला राहतं कोण? म्हातारी माणसं आणि ठेकेदाराचे लोक. म्हणून दिवाळीआधीच प्रत्येक पाड्याने आपली सभा घ्यायची, बायांची सभा आधी. गेल्या वर्षीचा जमाखर्च लेखी मागायचा आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा. चालू अंदाजपत्रकाचा नमुना 1 मागायचा, जसा आपण घराचा नमुना 8 मागतो तसा. मग कामांची यादी दोन रकान्यांत लिहायची: पैसे कमी आले तरी होणारच अशी कामं, आणि पैसे आले तरच होतील अशी. पहिल्या रकान्यात पाणी, पोरांचा आहार आणि वनहक्क. कमान कुठल्या रकान्यात ते तुम्हीच ठरवा. ठराव वहीत आपल्यासमोर लिहून घ्यायचा, खाली रेघ मारून सह्या करायच्या. मोकळी जागा ठेवायची नाही, त्या जागेत नंतर काय काय उगवतं ते आपल्याला माहीत आहे.

ग्रामसेवक म्हणेल, असा ठराव चालत नाही. त्याला सांगा, चालत नाही तसं लेखी दे.

लेखी कुणी देत नाही. कारण कायदा आपल्या बाजूने आहे.

जमीन आमच्या हक्काची! बजेटही आमच्या हक्काचं!
जिंदाबाद!

— एक कार्यकर्ती, जव्हार तालुका