शेजारघरचा सिनेमा

‘केजीएफ’ (२०१८) आणि ‘कांतारा’ (२०२२) यांनी कन्नड सिनेमा मराठी घराघरांत पोचवला खरा. पण बहुतेकांकडे तो आला हिंदी बोलत. पडद्यावरची आग आणि हाणामारी डबिंगमध्ये शाबूत राहते. हरवते ती बोली. ‘कांतारा’तली माणसे कुंदापूरकडचे किनारी कन्नड बोलतात, हिंदीत ती कुठल्याच गावची उरत नाहीत.

आणि गाव हा तर या सिनेमाचा जीव. राम रेड्डी यांच्या ‘तिथी’त (२०१५) मंड्याकडच्या खेड्यातला १०१ वर्षांचा म्हातारा मरतो आणि त्याच्या अकराव्याच्या तयारीत तीन पिढ्यांचे खरे रंग दिसू लागतात. भूमिका करणारे व्यावसायिक नट नव्हेत, गावकरीच. गिरीश कासारवल्ली यांच्या ‘तबरन कथे’मधला (१९८६) तबर शेट्टी निवृत्तीनंतर पेन्शनसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो, घरी बायको आजारी. ही गोष्ट कोणत्या मराठी घराला परकी वाटेल?

अशा चित्रपटांच्या वाट्याला डबिंगचा थाट सहसा येत नाही. ते पाहायचे तर मूळ भाषेत, खालची अक्षरे वाचत. पहिली दहा मिनिटे जड जातील. मग कान सरावतो. ‘अण्णा’, ‘अक्का’ या हाका तर आपल्याही घरातल्याच! मोठ्या चित्रपटांना गर्दी मिळेलच. छोटे चित्रपट मात्र पाहणाऱ्यांवरच जगतात. तेव्हा एखादी रविवारची संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे?