हिऱ्याचे कुळ
भिवापुरी मिरचीचे गाव पारखून घेणारे आमचे गृहस्थ कन्येच्या अंगठीतील हिऱ्याचे कुळ मात्र विचारीत नाहीत. २००३ पासून चालू असलेल्या ‘किंबर्ली’ दाखल्याने कच्चा हिरा निष्कलंक ठरतो, असे व्यापारी म्हणतात. पण त्यातील व्याख्या अशी की, सरकाराविरुद्ध उठलेल्या बंडखोरांच्या लढ्यास पैसा पुरविला, तरच हिरा रक्तलांछित! २००८ साली झिंबाब्वेतील मारांगे येथे सरकारी सैन्यानेच खाणकऱ्यांस ठार मारले; ते रक्त या व्याख्येत बसेना. तात्पुरती निर्यातबंदी झाली, ती २०११ साली उठली. २०१९ साली अध्यक्षपद भारताकडे असतानाही व्याख्या बदलली नाही. मारणाऱ्याच्या अंगी गणवेष असला म्हणजे रक्ताचा रंग पालटतो काय? तेव्हा मिरचीइतकी तरी चौकशी हिऱ्याची व्हावी. नपेक्षा हे लांछन आपल्याच बोटात मिरविले जाईल.