पेन्शन दर महिन्याला बुडते, मग मुदत एकदाच का संपते?

निवृत्त बंधू-भगिनींनो,

एका सरकारी कार्यालयातल्या दिवंगत शिपायाच्या पत्नी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. आत मृत्यूचा दाखला, पासबुक आणि सात अर्जांच्या प्रती, प्रत्येकीवर आवक शिक्का. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं नव्हतं, कारण काय, तर सेवापुस्तकात दोन वर्षांच्या सेवा पडताळणीची नोंद नाही. सेवापुस्तक कार्यालयाच्या कपाटात, नोंद करायची कार्यालयाने, सही करायची साहेबांनी, आणि हेलपाटे मात्र बाईंना! तीस वर्षं मी आस्थापना शाखेत पेन्शन केसेस केल्या. मन लावून बसलं तर अशी नोंद एका दुपारीत पुरी होते.

सगळ्यात जुना शिक्का चौदा महिन्यांपूर्वीचा होता. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला.

का, ते सांगतो. महाराष्ट्राने 1971 साली लोकायुक्त व उपलोकायुक्त कायदा केला आणि 1972 मध्ये देशात सर्वांत आधी लोकायुक्त नेमले. नेमणूक, पगार, शिस्त अशा नोकरीतल्या तक्रारी त्या कायद्याने चौकशीबाहेर ठेवल्या. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे दावे मात्र मुद्दाम आत घेतले. ज्यांनी हे लिहिलं, त्यांना म्हातारपणीची अडचण कळत होती. पण त्याच कायद्यात गाऱ्हाण्याला मुदत घातली गेली: कृती कळल्यापासून बारा महिने. उशीर झाला तर त्याचं कारण पटवून देण्याचं ओझंही तक्रारदाराच्याच डोक्यावर.

हे आम्हाला मान्य नाही. पेन्शन काही एकदाच बुडत नाही, ती दर महिन्याला नव्याने बुडते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात हाच विचार मांडला. तो सैनिक 1983 मध्ये आजारपणामुळे सेवेबाहेर पडला आणि अपंगत्वाच्या पेन्शनसाठी 1999 मध्ये कोर्टात गेला. त्याचा हक्क गेला नाही. थकबाकी तेवढी तीन वर्षांपुरती धरली. कोर्ट सोळा वर्षांनी ऐकून घेतं, आणि गरिबाला वकिलाविना जाता यावं म्हणून उघडलेलं दार बारा महिन्यांत लागतं?

ज्या गाऱ्हाण्यावर कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येते, त्यात लोकायुक्तांनी पडू नये, असंही कलम आहे. अपवादाची सोय आहे, पण ती त्यांना पटली तर. पासष्टीच्या विधवेने मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं म्हणजे मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचं आणि वकिलाची फी भरायची. फाइल महालेखापाल कार्यालयात अडली तर ते कार्यालय केंद्राचं, राज्याच्या लोकायुक्तांचा हात तिथे पोचत नाही. एवढं सगळं पार करून लोकायुक्तांचा कौल बाजूने लागला, तरी ती नुसती शिफारस! खात्याने मानली नाही तर राज्यपालांकडे अहवाल, मग विधिमंडळाच्या पटलावर कागद. तोवर बाईंच्या घरचा किराणा कुणी भरायचा?

2022 मध्ये नवं लोकायुक्त विधेयक आलं, तेव्हा मुख्यमंत्री कक्षेत येणार, याचीच चर्चा गाजली. ते हवंच होतं. पण कायदा जुना असो की नवा, पेन्शनचं गाऱ्हाणं त्यात राहिलंच पाहिजे. तो चालू अन्याय मानून मुदत दर महिन्याला नव्याने मोजा. शिफारस तीन महिन्यांत पाळली नाही, तर थकबाकीवरचं व्याज ज्याने फाइल दाबली त्याच्या पगारातून कापा. पेन्शनरकडून वसुली काढताना कार्यालयाला इतका वेळ कधी लागलेला मी पाहिला नाही.

हे पत्रक आपल्या आमदारांच्या हातात द्या, नागपूर अधिवेशनाआधी. सोबत आपल्या अर्जाची प्रत जोडा. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय एकही कागद खिडकीत देऊ नका. बाईंचा आठवा अर्ज आम्ही सोमवारी दिला. शिक्का पुसट उमटला होता, तो दुसऱ्यांदा मारून घेतला.

आपला,
एक निवृत्त आस्थापना लिपिक