देहाला किरण, मनाला धीर

भारतीय स्त्रियांना जडणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा आज पहिला क्रमांक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशातील सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला. यांतील पुष्कळजणींना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यावे लागतात. पूर्वी पाच आठवडे चालणारे हे उपचार आता बहुधा तीन आठवड्यांत, पंधरा वेळांत आटोपतात. काही निवडक रुग्णांना तर पाच वेळाही पुरतात. ही प्रगती अभिनंदनीय आहे. परंतु त्या दिवसांत त्या स्त्रीच्या मनावर काय गुदरते, हे विचारण्याची रीत आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही.

शस्त्रक्रियेची व्यथा ओसरते न ओसरते तोच तिला रोज अनोळखी माणसांसमोर छाती उघडी करावी लागते. अंगावर खुणा आखल्या जातात. मग सारे बाहेर जातात, जड दार लागते आणि यंत्राखाली ती एकटी उरते. किरण काही मिनिटांचेच असतात, त्या वेळी वेदनाही होत नाही; पण त्या मिनिटांची धास्ती दिवसभर पुरते. पुढे कातडी लाल होते, अंगात त्राण उरत नाही. उपचारांसाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्या आमच्या भगिनींना यात घरदार, मुलेबाळे मागे ठेवून परक्या शहरात राहण्याचे दुःखही सोसावे लागते.

आणि घरी तरी काय असते? रोगाचे नाव उच्चारले जात नाही. ताटवाटी वेगळी होते, नातवंडांना जवळ जाऊ दिले जात नाही, हळदीकुंकवाचे बोलावणे हळूच टळते. 'तिच्या अंगात किरण आहेत' अशी यामागे समजूत असते. ती सर्वस्वी खोटी आहे. बाहेरून यंत्राने दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत आणि कर्करोग स्पर्शाने होत नाही. नातवाला मांडीवर घेण्यात यत्किंचितही धोका नाही. देवाला कौल लावून मनाला उभारी येत असेल तर अवश्य लावावा. पण 'कोणत्या जन्मीचे भोग' हे उद्गार तिच्या कानी पडू नयेत.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड या विदुषींनी १९७७ साली कर्करुग्णांच्या मनःस्वास्थ्यासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमापकासारखे एक साधे चित्र प्रचारात आणले. शून्य ते दहा या आकड्यांपैकी आपल्या मनस्तापाचा आकडा रुग्णाने दाखवावयाचा. तो चार वा अधिक भरला तर पुढील चौकशी करावयाची. यास ना यंत्र लागते, ना मोठा खर्च.

आमची सूचना एवढीच आहे. किरणोपचार घेणारी स्त्री रोज रुग्णालयाच्या पायरीवर येते. इतकी सलग भेट अन्य उपचारांत क्वचितच घडते. तेव्हा प्रत्येक किरणोपचार विभागात आठवड्यातून एकदा परिचारिकेने हा प्रश्न विचारावा आणि उत्तराची नोंद वजन-रक्तदाबाच्या शेजारी व्हावी. गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ वा समुपदेशक हाकेच्या अंतरावर असावा. खोलीत स्त्री कर्मचारी असावी, निदान अंगावर पांघरूण तरी मिळावे. पहिल्याच दिवशी यंत्र दाखवून सारे समजावून सांगितले तर निम्मी भीती तिथेच विरेल.

शेवटच्या दिवशी 'सुटलीस बाई!' म्हणून घरचे निर्धास्त होतात. कित्येकींच्या मनाला खरी घरघर त्यानंतरच लागते. रोजची देखरेख थांबलेली असते आणि रोग परतेल काय, ही शंका रात्री जागवते. म्हणून उपचार संपले तरी विचारपूस संपू नये.

खिन्न मनाची रुग्ण उपचार अर्धवट सोडण्याचा संभव असतो, हे शासनाने ध्यानी घ्यावे. यंत्रांवर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्यांना एका प्रश्नाची काटकसर शोभत नाही. आणि तोच प्रश्न घरातील पुरुषांनी विचारावयाचा तर त्यास शासनाच्या मंजुरीचीही आवश्यकता नाही.