पॅड बांधून बसलेला मुलगा

पावसाळा सरतो, मैदाने वाळू लागतात आणि शाळाशाळांतून क्रिकेटचे संघ जाहीर होतात. त्या संध्याकाळी अनेक घरांत जेवणाच्या पंगतीवर एक अवघड शांतता उतरते. अकरा नावांत आपल्या मुलाचे नाव नसते. असले तर राखीव खेळाडूंत, अगदी तळाशी. मूल खाली मान घालून जेवते. बोलतात ते वडील. उद्या प्रशिक्षकांना भेटू, कोणाची ओळख निघते का पाहू, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरी अकादमी. व्यापारी घरात हा विचार सुचणे स्वाभाविकच आहे. एका पेढीवर माल पटला नाही तर दुसरी गाठायची, ही सवय तीन-चार पिढ्यांची असते.

गंमत अशी, की याच घरात मुलाला गादीवर बसवण्याची घाई कोणी करत नाही. आधी गाठोडी बांध, गिऱ्हाइकाला पाणी दे, वसुलीला जा, रात्री रोजमेळ जुळव; आणि चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत उठू नकोस. मालकाचा मुलगा असला तरी ही वर्षे चुकत नाहीत आणि त्यांत कोणाला अन्याय वाटत नाही. दुकानात जी वाट पाहणे म्हणजे शिक्षण, तीच मैदानावर अपमान कशी ठरते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

वाट पाहण्याची एक गोष्ट मुंबईच्या आझाद मैदानावर घडलेली आहे. फेब्रुवारी १९८८. हॅरिस शील्ड स्पर्धेचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स हायस्कूल. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी व चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर एकत्र आले. त्यांनी नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली. कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६. हे आकडे कित्येक घरांत तोंडपाठ आहेत.

त्या दोन दिवसांत सीमारेषेबाहेर पायाला पॅड बांधून तेरा वर्षांचा आणखी एक मुलगा बसला होता. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढच्या फलंदाजाचे बसणे म्हणजे सावलीतला आराम नव्हे. गडी कोणत्याही चेंडूवर बाद होऊ शकतो, म्हणून पॅड सोडता येत नाहीत, गप्पांत रमता येत नाही, गोलंदाजाचा हात पाहत राहावे लागते. प्रत्येक चेंडूला मन तयार करायचे आणि चेंडू सीमेपार गेला की पुन्हा सैल सोडायचे. असे एक-दोन तास नव्हे, दोन दिवस.

आणि तो एकटा नव्हता. संघातल्या बाकीच्या मुलांनीही त्या सामन्यात बॅट हाती धरली नाही. ७४८ धावांवर डाव घोषित झाल्यावर क्षेत्ररक्षणाला मात्र तीच मुले उतरली आणि झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला. धावफलक सांगतो की कांबळीने त्यात सहा बळीही घेतले. उन्हात धावून चेंडू अडवणाऱ्यांसाठी धावफलकावर रकाना नसतो. जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. डाव घोषित करा, अशा खुणा सहायक प्रशिक्षक बाहेरून करत होते आणि दोघे फलंदाज त्यांच्याकडे पाहण्याचेच टाळत होते, असे सांगतात. विक्रमाच्या झगमगाटात ती खोडी म्हणून खपून गेली. पण सांघिक शिस्तीच्या तराजूत त्या दिवशी पॅड बांधून मुकाट बसलेला मुलगा जड भरतो.

अर्थात बसून राहणे म्हणजे धीर, असाही अर्थ कोणी काढू नये. शारदाश्रमचे गुरू रमाकांत आचरेकर यांना तो मुळीच मान्य झाला नसता. आपल्यासाठी ठरवलेला सराव सामना सोडून लहानगा तेंडुलकर शाळेच्या मोठ्या संघाचा सामना पाहायला वानखेडेवर गेला, तेव्हा सरांनी त्याला सर्वांसमक्ष खडसावले होते. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला आला होतास का, आपण खेळावे आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, असा त्या रागाचा आशय होता. तेंडुलकरांनीच ही आठवण सांगितली आहे. मोठ्या संघात जागा नसेल तर धाकट्या संघात खेळावे, तेथेही नसेल तर नेटमध्ये जादा अर्धा तास मागावा, काय कमी पडते ते प्रशिक्षकांना विचारावे. हे विचारण्याचे काम मुलाचे आहे. वडिलांनी विचारले की त्याचा सौदा होतो.

मुझुमदार यांची पाळी पुढे आली. १९९३-९४च्या हंगामात रणजी करंडकातील पहिल्याच सामन्यात, हरियाणाविरुद्ध फरिदाबादला, त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील तो तेव्हाचा जागतिक विक्रम. आता भारतीय संघात जागा केवळ काही महिन्यांची गोष्ट, असे सर्वांना वाटले. ती जागा कधीच मिळाली नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी माणसे होती. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, आणि एकही कसोटी नाही. मुंबईचेच डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांचीही हीच कथा. ५८९ बळी, पण बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्मलेले. तेव्हा धीर धर, तुझी जागा येईलच, असे मुलाला ठामपणे सांगणे हा खोटा हवाला आहे. मुदत संपली की व्याजासह रक्कम परत मिळेल, अशी ही ठेव नव्हे.

तरीही मुझुमदार खेळत राहिले. २००६-०७ साली ते मुंबईचे कर्णधार होते. संघ पहिले तीनही सामने हरला. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव नसताना पाच गडी तंबूत परतले. त्या हंगामाचा रणजी करंडक अखेर मुंबईनेच जिंकला. पुढे मुंबईच्या संघात जागा उरली नाही तेव्हा ते आसाम आणि आंध्रकडून खेळले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५च्या विश्वचषकात त्यांचा संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले होते. मुंबईच्या या मुलीने पुढच्याच सामन्यात नाबाद ७६ धावा केल्या आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. शफाली वर्मा तर निवडलेल्या पंधरा जणींत नव्हतीच. स्पर्धा सुरू असताना ती आपल्या राज्यासाठी देशांतर्गत सामने खेळत होती. सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाल्यावर बोलावणे आले आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा करून दोन बळी घेतले. खेळत होती, म्हणून ती तयार होती.

भारत ५२ धावांनी जिंकला. कर्णधार हरमनप्रीत कौरने मुझुमदार यांच्या पायांना हात लावला. ते चित्र सर्वत्र झळकले. त्याच मैदानावर प्रतिकाही होती. याच स्पर्धेत न्यूझीलंडविरुद्ध तिने शतक केले होते. संघ उपांत्य फेरीत पोहोचण्यात तिचा वाटा मोठा होता. पण बदली खेळाडू संघात आल्यावर तिचे नाव पंधरांतून कमी झाले होते आणि पदके पंधरा जणींसाठीच होती. खांद्यांवर तिरंगा घेऊन, चाकांच्या खुर्चीत बसून ती सहकाऱ्यांच्या घोळक्यात हसत होती.